तारीख म्हणजे कुठली तारीख

शहराच्या ग्रंथालयाचा जिना चढून गेलं की उजव्या हाताला एक लांबट खोली लागायची. दोन टेबलं, उत्तरेची एक खिडकी, भिंतीला टेकून उभी पत्र्याची कपाटं, आणि खिडकीकडे पाठ करून बसलेल्या नोंदताई. त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकावर होतं आणि ते तिथंच राहिलं. शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सगळे त्यांना नोंदताईच म्हणत.

ग्रंथालयात येणारी प्रत्येक वस्तू, मग ते पुस्तक असो, नकाशा असो, की कुणाच्या माळ्यावरून उतरवलेलं फोटोंचं खोकं, आधी त्यांच्या टेबलावर यायची. हे काय आहे, कुणी केलं, कधी केलं, कुठलं आहे, हे त्या ठरलेल्या रकान्यांत भरायच्या. रकाने नीट भरले की शोधणाऱ्याला वस्तू सापडायची. चुकले, की ती कपाटात असून नसल्यासारखी. सहा महिन्यांसाठी म्हणून त्या इथं आल्या होत्या, कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेवर. ती बाई परत आली नाही आणि या परत गेल्या नाहीत. बघता बघता एकतीस वर्षं झाली.

काम त्यांना शिकवलं ते त्या वेळच्या ग्रंथपालांनी, म्हणजे मोठ्या साहेबांनी. माणूस मनानं मऊ, पण शिस्तीला लोखंड. रिकामा रकाना दिसला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. ‘मोकळी जागा म्हणजे आळशी कारकून,’ असं ते म्हणत आणि नोंदीचं कार्ड परत पाठवत. नोंदताईंचं एकही कार्ड पाच वर्षांत परत आलं नाही, याचा त्यांना फार अभिमान होता.

घरी तीन माणसं. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून गल्लीत ते चष्मेवाले. धाकटी नणंद टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांच्याकडेच राहायला आलेली. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यावर आता स्वतः बोलायची हौस ती फेडून घेत होती. स्वयंपाकघरातल्या एका बरणीवर नोंदताईंनी ‘मीठ’ असं लिहून खाली बारीक अक्षरात भरल्याची तारीख टाकली, तेव्हा नणंद म्हणाली, “वहिनी, ते मीठ आहे, कोर्टातला पुरावा नाही.”

नोंदताई छप्पन्नच्या झाल्या त्या वर्षी शहरातलं ग्रंथालय, संग्रहालय आणि कॉलेज यांनी आपापल्या याद्या एकत्र करायचं ठरवलं. वाचकानं एकाच ठिकाणी शोधावं आणि तिघांकडचं दिसावं, एवढी साधी गोष्ट. कॉलेजातल्या संगणक विभागातली एक मुलगी त्या कामावर नेमली. तिला सगळे यंत्रवाली म्हणायला लागले आणि तिनंही ते हसून चालवून घेतलं. तिनं तिन्ही याद्या एकत्र ओतल्या आणि सगळ्यांना बोलावून पहिला शोध करून दाखवला. नदीवरच्या जुन्या पुलाचा फोटो.

फोटो तिघांकडेही होता. एकाच मूळ काचेच्या निगेटिव्हवरून काढलेल्या तीन प्रती. एका नोंदीप्रमाणे तो पूल बांधायच्या आधी काढलेला होता, दुसरीप्रमाणे पूल वाहून गेल्यावर. तिसरीतलं वर्ष तेवढं शक्य कोटीतलं होतं, पण तेही फोटोचं पोस्टकार्ड छापलं त्याचं निघालं. पहिलं वर्ष फोटोवाल्याच्या दुकानाच्या स्थापनेचं, मागच्या शिक्क्यावरून उचललेलं. दुसरं, फोटो संग्रहालयात आला त्याचं.

“यंत्र बिघडलंय का गं?” संग्रहालयाच्या माणसानं विचारलं.

“यंत्र ठीक आहे, काका,” यंत्रवाली म्हणाली. “आपण त्याला तीन निरनिराळ्या गोष्टी दिल्या आणि तिन्हींना ‘तारीख’ म्हणालो. तारीख म्हणजे कुठली तारीख, हे आपण कुठं ठरवलंय?”

मग ते ठरवण्यासाठी समिती बसली. नोंदीत काय लिहायचं आणि कुठल्या शब्दाखाली, त्याची एक सामाईक शब्दसूची करायची. यंत्रवालीच्या भाषेत मेटाडेटाचं प्रमाण. समितीत माणसं चारच. ग्रंथालयाच्या नोंदताई, कॉलेजची यंत्रवाली, आणि संग्रहालयाचे कुलूपकाका. कमरेला बावीस किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळे हा माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. अध्यक्ष म्हणून कुणाच्याच बाजूचा नसलेला माणूस हवा होता, तेव्हा भाषेचे एक निवृत्त शिक्षक मिळाले. ते व्याकरणसर.

किल्ल्यांसारखेच शब्दही बावीसच निघाले. प्रत्येकाला एक व्याख्या, दोन ओळींच्या वर नाही. आणि ज्या शब्दाची व्याख्या करायची तो शब्द व्याख्येत यायचा नाही. हा नियम सरांचा. “निर्माता म्हणजे निर्माण करणारा, असं कुणी लिहिलं तर मी टोपी उचलून घरी जाईन,” त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

सुरुवात ‘निर्माता’ या शब्दानंच झाली. सगळ्यांना वाटलं, हा तर हातचा मळ.

“मडक्याचा निर्माता कुंभार,” कुलूपकाका म्हणाले. “लिहा आणि पुढं चला.”

“माझ्याकडं मडकं नाही, मडक्याचा फोटो आहे,” नोंदताई म्हणाल्या.

“फोटोत काय आहे?”

“मडकं.”

“ते कुणी केलं?”

“आणि फोटो कुणी काढला? तुमच्या कुंभारानं?”

तीन बैठका त्या मडक्यात गेल्या. दर दुसऱ्या गुरुवारी, दुपारी तीन ते पाच. शेवटी सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली: नोंद ज्या वस्तूची, निर्माता त्या वस्तूचा. सगळ्यांनी ती वाचली. कुणाला खोट काढता येईना. कुलूपकाका म्हणाले, “एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलं?” सर म्हणाले, “आधी मलाही माहीत नव्हतं.”

‘स्थळ’ या शब्दाला दोन बैठका लागल्या: वस्तू जिथं बनली ते, की सापडली ते, की तिच्यात जे दिसतं ते. शेवटी तिन्हींना तीन वेगळे रकाने मिळाले. मग आली ‘तारीख’, आणि गाडं रुतलं.

घरी नणंद रोज बातमी विचारायची. “काय वहिनी, लागला का तारखेचा निकाल?”

“नाही अजून.”

“महिना झाला. आमच्याकडं कॅलेंडर आहे एक जास्तीचं, पाठवून देऊ का समितीला?”

चष्मेवाले वर्तमानपत्रामागून हसायचे. नोंदताईही हसायच्या, पण त्यांच्या मनातून विषय जात नसे. कुलूपकाकांचं म्हणणं असं, की वस्तू कधी बनली हे माहीत नसलं तर ती संग्रहालयात आली ती तारीख टाकावी. सगळे तसंच करतात. रकाना मोकळा ठेवला तर वरचे साहेब विचारतात, काम अर्धवट का?

“निदान ती तारीख खरी तरी असते,” ते म्हणाले.

“खरी असते,” नोंदताई म्हणाल्या, “पण दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असते. घर कुठं आहे विचारलं तर तुम्ही जेवण झालंय म्हणून सांगता.”

“अहो, पण तुमच्याकडं काय करतात मग?”

“आमच्या ग्रंथालयात असं होत नाही,” नोंदताई म्हणाल्या. सरांनी ते वाक्य सवयीप्रमाणे बैठकीच्या टिपणात उतरवून घेतलं.

पुढच्या बैठकीच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, एक बाई जिना चढून नोंदींच्या खोलीत आल्या. सरळ पाठीच्या, पांढरे केस घट्ट बांधलेल्या. जन्मभर इस्पितळात परिचारिका होत्या, दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी आपलं काम सांगितलं. त्यांची आई सूतगिरणीत कामाला होती. त्या चार वर्षांच्या असताना आई गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. मावशी सांगते, की गिरणीत नवी यंत्रं आली त्या वर्षी दुसऱ्या पाळीतल्या बायकांचा अंगणात एक फोटो काढला होता.

“नवा सामाईक शोध सुरू झाल्याचं वाचलं, म्हणून आले,” त्या म्हणाल्या. “खाली वाचनकक्षात त्या वर्षाचं सगळं पाहिलं. नाहीये. मागं सहा वर्षांपूर्वीही येऊन गेले होते. तेव्हाही नव्हतं.”

“तेव्हा कुणी मदत केली होती का?”

परिचारिका म्हणाल्या, “तुम्हीच होतात. तुम्ही म्हणालात, इथल्या तारखा पक्क्या असतात, त्या वर्षी नसेल तर आमच्याकडं नाही.”

नोंदताईंना ते आठवत नव्हतं. पण वाक्य आपलंच आहे हे त्यांना लगेच ओळखू आलं. त्यांनी बाईंचा फोन नंबर घेतला, दोन दिवस द्या म्हणाल्या, आणि त्या गेल्यावर दाखल रजिस्टरांचं कपाट उघडलं.

सूतगिरणी बंद पडली तेव्हा तिथलं काही सामान ग्रंथालयाकडे आलं होतं, एवढं त्यांना पुसटसं आठवत होतं. रजिस्टरात ते सापडलं. सव्वीस वर्षांपूर्वीचं पान. एक लाकडी पेटी, तीनशे चाळीस फोटो. त्यांनी एकेक नोंद काढून पाहिली. तीनशे चाळीस नोंदी, आणि तीनशे चाळीस वेळा ‘तारीख’ या रकान्यात एकच वर्ष: पेटी आली ते. अक्षर गोलसर, उजवीकडे झुकलेलं, ‘४’ची शेपटी लांब. दुसऱ्या कुणाचं असतं तर बरं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण ती शेपटी त्यांचीच होती.

मग हळूहळू सगळं आठवलं. पेटी आली तेव्हा वार्षिक तपासणी चार दिवसांवर होती. फोटोंवर तारखा नव्हत्या. त्या मोठ्या साहेबांकडे गेल्या होत्या, आणि ते म्हणाले होते, आली ती तारीख टाका, रकाना मोकळा नको. त्यांनी टाकली. कार्डं परत आली नाहीत.

त्या तळघरात उतरल्या. पेटी खालच्या फळीवर होती. त्यांनी ती तिथंच उकिडवं बसून उघडली आणि एकेक फोटो हातात घेतला. दोनशेच्या पुढं कुठंतरी तो निघाला: अंगण, मागं लांब खिडक्यांची भिंत, चार रांगांत बायका, साठेक असतील. मागे फोटोवाल्याचा शिक्का, बाकी काही नाही. पेटीच्या तळाशी मात्र पिवळी पडलेली गिरणीची सूचनापत्रकं चिकटून बसली होती. त्यांतलंच एक सांगत होतं, की नवीन यंत्रं सुरू झाल्याबद्दल दुसऱ्या पाळीच्या स्त्री कामगारांनी शनिवारी चार वाजता अंगणात छायाचित्रासाठी जमावं. खाली तारीख. मावशीनं सांगितलेलं वर्ष तंतोतंत.

ते पत्रक सव्वीस वर्षं त्याच पेटीत होतं. कुणी हात घालून पाहिलं नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी त्या घरी न जाता सरळ नवऱ्याच्या दुकानात गेल्या. गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाले काचा पुसत होते. नोंदताई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, काही न गाळता.

“साहेबांनीच सांगितलं होतं ना तसं?” ते म्हणाले.

“सांगितलं होतं. लिहिलं मी.”

“हं.” त्यांनी काच उजेडात धरली. “त्या बाईंना सांगितलंस?”

“उद्या सांगते.”

“आज सांग. आपल्याकडून चुकीच्या नंबरचा चष्मा गेला तर मी दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. तो माणूस तोवर जिन्यावरून पडतो.”

त्यांनी दुकानातूनच फोन लावला. फोटो मिळालाय म्हणून सांगितलं, आणि तो इतकी वर्षं का मिळाला नाही तेही.

“सहा वर्षांपूर्वी मावशीला पेपर वाचता येत होता,” परिचारिका म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “मी आईला ओळखणार नाही हो. मी तिला पाहिल्याचं मला आठवतच नाही. ओळखणार ती मावशी, आणि तिला आता समोरचा माणूस दिसत नाही.”

नोंदताईंनी रिसीव्हरवर हात ठेवला. चष्मेवाल्यांनी खूण करून विचारलं, काय झालं? त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. मग फोन चष्मेवाल्यांनीच हातात घेतला. मावशींना कडेचं दिसतं का, बोलणाऱ्याकडं त्या मान वळवून बाजूनं बघतात का, असे दोन-चार प्रश्न विचारले. “मग मधली नजर गेलीय, कडेची शाबूत आहे,” ते म्हणाले. “चेहरा भिंतीएवढा करून दाखवला तर कदाचित कळेल. चष्म्यानं होणार नाही, पण मोठा पडदा हवा.”

मोठा पडदा कॉलेजात होता. पण त्याआधी गुरुवार आला.

बैठकीला कुलूपकाका तयारीनं आले होते. दुसऱ्या तीन संग्रहालयांतले नमुने त्यांनी आणले होते, सगळीकडे आल्याचीच तारीख. त्यांनी कागद मांडायला सुरुवात केली, तेव्हा नोंदताई म्हणाल्या, “काका, आधी मला बोलू द्या. मागच्या वेळी मी म्हणाले, आमच्याकडं असं होत नाही. सर, तुमच्या टिपणात असेल ते.”

“आहे,” सर म्हणाले.

“ते खोटं आहे. मला माहीत नव्हतं, पण खोटंच.” त्यांनी पेटीची हकिगत सांगितली, रजिस्टरातलं पान समोर ठेवलं. “हे अक्षर माझं आहे. या एका पेटीत तीनशे चाळीस. बाकी किती असतील ते अजून मोजलेलं नाही. एक बाई दोनदा येऊन हात हलवत परत गेली.”

यंत्रवाली टेबलाकडे बघत राहिली. कुलूपकाका आता शब्दात पकडणार, असं नोंदताईंना वाटलं. पकडायला जागाही होती. पण त्यांनी आपले कागद गोळा केले, उलटे करून ठेवले, आणि म्हणाले, “आमच्याकडं अकराशे आहेत. मी मोजलेत. गेल्या पंधरवड्यातच मोजले, तुम्ही ते घराचं आणि जेवणाचं बोललात त्या रात्री झोप लागली नाही म्हणून. बोललो नाही, इतकंच.”

त्यानंतर ‘तारीख’ सुटायला फार वेळ लागला नाही. वस्तू तयार झाली ती एक, प्रसिद्ध झाली ती दुसरी, संस्थेत आली ती तिसरी. तीन रकाने, तीन नावं. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

“आणि माहीत नसेल तर?” यंत्रवालीनं विचारलं.

“अज्ञात लिहायचं,” कुलूपकाका म्हणाले.

“मग मोकळा रकाना म्हणजे काय?”

“तेच की. अज्ञात.”

“तेच नाही,” नोंदताई म्हणाल्या. “त्या पेटीतली तारीख अज्ञात नव्हती. ती पेटीतच होती. कुणी बघितलं नव्हतं. बघून न मिळणं निराळं आणि न बघणं निराळं. दोन्हीला एकच शब्द वापरला तर पुढचा माणूस शोधायचंच सोडून देतो. त्या बाईंनी सोडलं, सहा वर्षं.”

सरांनी खडू उचलला, पुन्हा ठेवला. “बघणं म्हणजे काय? फोटो उलटा करून पाहिला, झालं बघून? की पेटीचा तळ खरवडायचा? ‘शोध घेतला’ हे क्रियापद फार ढिलं आहे, बाई.”

“मग कुठं शोधलं ते लिहू दे,” यंत्रवाली म्हणाली. “आणि कुणी, कधी.”

“आणि मोकळा रकाना?”

“मोकळा राहू दे,” कुलूपकाका म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं. “साहेब आले तर मी सांगेन काय सांगायचं ते.”

शनिवारी कॉलेजच्या एका वर्गात पडदा लावला. परिचारिका मावशीला हाताला धरून घेऊन आल्या. मावशी लहानखुऱ्या, पाऊणशेच्या आसपासच्या, पायात कापडी बूट. यंत्रवालीनं फोटोची मोठी प्रत तयार ठेवली होती. चष्मेवाले दुकान बंद करून आले होते. मावशींना कुठं बसवायचं, मान कुठं वळवायची, खिडकीचा पडदा किती ओढायचा, हे त्यांनी पाहिलं. नोंदताई भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

एकेक चेहरा पडद्यावर येऊ लागला. मावशी मान वाकडी करून, चिमणी दाण्याकडं बघते तशा बघत होत्या. ही नाही. ही पण नाही. ही आमच्या शेजारची, फार भांडायची. ही कोण ते माहीत नाही. दुसरी रांग संपली, तिसरी संपली. साठातले पन्नासेक चेहरे झाले. परिचारिका हातातला रुमाल उलगडत आणि परत घडी घालत होत्या.

“ताई, चेहरे नको,” मावशी यंत्रवालीला म्हणाल्या. “चेहरे सगळे दुधात पडल्यासारखे दिसतात. पूर्ण बाई दाखव. उभी आहे तशी.”

यंत्रवालीनं चित्र मागं घेतलं आणि रांग पुन्हा पहिल्यापासून सरकवली. तिसऱ्या रांगेत, कडेपासून चौथ्या बाईवर मावशींनी हात वर केला. ती बाई एका हातानं दुसऱ्या हाताचा कोपर धरून उभी होती, जरा तिरकी, निघायच्या बेतात असल्यासारखी.

“ही आक्का,” मावशी म्हणाल्या.

यंत्रवालीनं चित्र मोठं केलं. तरुण, उभट चेहऱ्याची बाई. फोटो निघाला त्याच क्षणी तिची पापणी लवली होती. डोळे मिटलेले.

परिचारिका उठून पडद्याजवळ गेल्या. इतक्या जवळ, की चित्राचे नुसते ठिपके दिसत असतील. “नक्की ना मावशी?” त्यांनी मागं न बघता विचारलं.

“नक्की कसं सांगू बाळा? पण ती अशीच उभी राहायची. कोपर धरून. आई ओरडायची तिला, थंडी वाजते का म्हणून.”

परिचारिका पुष्कळ वेळ तिथं उभ्या होत्या. मग मागं वळल्या आणि नोंदताईंना म्हणाल्या, “आता यावर काय लिहाल तुम्ही?”

नोंदताईंनी वही काढली होती. “मावशींच्या सांगण्यावरून, उभं राहण्याच्या सवयीवरून ओळखलं, असं. त्यांचं नाव आणि आजची तारीख. आणि खात्रीच्या रकान्यात ‘बहुधा’.”

“बहुधा,” परिचारिका म्हणाल्या.

“माफ करा. पण मी आता यापेक्षा जास्त लिहिणार नाही.”

“नका लिहू.” त्या थोड्या हसल्या. “इस्पितळात आम्हीही असंच लिहायचो. घरी मात्र मी आईच म्हणणार आहे तिला.”

त्या दिवशी नोंदताईंनी पुन्हा माफी मागितली, आणि परिचारिका ‘असू दे’ म्हणाल्या नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली, आणि मावशीला घेऊन जिना उतरल्या. नोंदताईंना ते योग्य वाटलं.

शब्दसूची पुढच्या वसंतात पुरी झाली. एकतीस पानांची पुस्तिका, बाविसांचे शेवटी सत्तावीस शब्द झालेले, आणि लिहिणाऱ्यांची नावं कुठंच नाहीत. तेविसावी व्याख्या अशी होती: ‘अज्ञात: शोधूनही न मिळालेले. कोणी, कधी व कोठे शोधले ते सोबत द्यावे.’ आणि खाली टीप: ‘रकाना मोकळा असणे म्हणजे अद्याप कोणी शोधलेले नाही. मोकळा रकाना हा दोष मानू नये.’ टिपेतलं शेवटचं वाक्य सरांना नको होतं, व्याख्येच्या पुस्तकात उपदेश नको म्हणून. पण त्यावर नोंदताई आणि कुलूपकाका पहिल्यांदाच एका बाजूला बसले, आणि सरांना हार मानावी लागली.

पुस्तिका घरी आणली तेव्हा नणंदेनं ती सोफ्यावर बसून अथपासून इतिपर्यंत वाचली. “यात गोष्ट नाही काही,” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “पण वहिनी, फोन खात्यात असं पुस्तक असतं ना, तर माझी अर्धी भांडणं वाचली असती. ‘तातडीचा’ म्हणजे काय, हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही.”

मग नोंदताईंनी स्वतःच्या चुका मोजल्या. चार हजार एकशे बारा नोंदी. नोकरीची दोन वर्षं उरली होती. ग्रंथपाल म्हणाले, यंत्रानं एका फटक्यात सगळे रकाने रिकामे करून टाकू, प्रश्न मिटला. त्या म्हणाल्या, रिकामे करा, चालेल, पण मग मी एकेक पेटी उघडणार आहे. आणि त्यांनी उघडल्या. सकाळी दोन तास रोजचं काम बाजूला ठेवून. कुठं लिफाफा मिळायचा, कुठं मागं पेन्सिलीनं लिहिलेलं वर्ष, कुठं काहीच नाही. काहीच नसेल तिथं त्या शांतपणे ‘अज्ञात’ लिहायच्या, पुढं आपलं नाव, आणि कुठं कुठं पाहिलं त्याची यादी. एखादे दिवशी फक्त चार नोंदी व्हायच्या. सुरुवातीला त्यांना त्याची लाज वाटायची, मग वाटेनाशी झाली.

निवृत्त झाल्या तेव्हा सहाशेच्या वर शिल्लक होत्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी नव्या नोंदणीकार बाईला तळघरात नेऊन कुठल्या फळीपासून पुढं बघायचं ते दाखवलं. तिनं विचारलं, “तुम्ही अज्ञात लिहिलंय तिथं मला काही सापडलं तर?”

“खोडून लिहा.”

“तुमचं नाव पण खोडायचं?”

“ते राहू द्या,” नोंदताई म्हणाल्या. “इथं कुणीतरी पाहून चुकलं होतं, एवढं कळलेलं बरं.”

आता त्या सकाळी दुकानात बसतात, चष्म्यांच्या चौकटी लावून ठेवतात, आणि गिऱ्हाइकाला घाई करू देत नाहीत. कुलूपकाकांचा अधूनमधून फोन येतो. परवा त्यांनी विचारलं, तुटलेला पुतळा जोडला तर ती दुरुस्ती म्हणायची की जतन? नोंदताई म्हणाल्या, हात नवा बसवला की जुनाच चिकटवला? नवा असेल तर ते दोन्ही नाही. मग दोघांचं अर्धा तास चाललं. शेवटी चष्मेवाल्यांनी खुणेनं सांगितलं, दारात गिऱ्हाईक उभं आहे. त्या म्हणाल्या, “काका, पाच मिनिटांनी करते,” आणि फोन ठेवून गिऱ्हाइकाला बसायला स्टूल पुढं केलं.